आईनं पाहिलं होतं

गेल्या आठवड्यात जुन्या गल्लीतल्या एका काकूंचा आईला फोन आला आणि तेव्हापासून घरात परत ते जुनं सुरू झालंय, म्हणजे झोपायच्या आधी दाराची कडी दोनदा बघायची, गॅलरीतला लाईट रात्रभर चालू, पप्पांनी ड्युटीवरून निघाले की मिस्ड कॉल द्यायचा. काकू एवढंच म्हणाल्या, "अगं तो फर्लोवर येतोय म्हणे." संचित रजा म्हणतात तिला, तुरुंगातल्या कैद्याला मिळणारी सुट्टी, आणि तो म्हणजे ज्याच्याविरुद्ध आईनं खुनाची साक्ष दिली होती तो. आईनं बरं बरं म्हणून फोन ठेवला आणि राहिलेली गवार मोडायला घेतली, पण देठं काढायची विसरली, सगळी तशीच टोपात टाकली.

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळत होते. आता लिहिते. नाव कुणाचंच लिहिणार नाही, गल्लीचं पण नाही, कारण तिथे अजून माणसं राहतात.

२०१६ ची गोष्ट. मी बारावीत होते, भाऊ सहावीत. पश्चिम उपनगरात डोंगराच्या पायथ्याशी आमची बैठी चाळ, सगळे कोकणातले, दोन-चार घरं घाटावरची. पप्पा बेस्टमध्ये कंडक्टर. आई दूध टाकायची. पहाटे सव्वाचारला नाक्यावर टेम्पो यायचा, तिथून क्रेट उचलायचे, दोन मोठ्या पिशव्यांत भरून घरोघरी द्यायच्या, साडेसहाला परत येऊन आमचे डबे. पावसाळा असो, तापात असो, तिची लाईन कधी चुकली नाही.

त्या दिवशी साधारण पाच वाजले होते. संडासच्या लाईनीच्या अलीकडे जिथे म्युनिसिपालटीचा दिव्याचा खांब आहे तिथे तीन मुलं होती, त्यातला एक मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात काम करणारा, एकवीस वर्षांचा, आणि दुसरे दोघं आमच्याच गल्लीतले. आईला आधी वाटलं की मस्करी चाललीय. मग त्या दोघांतल्या एकानं दुकानातल्या मुलाला मागून धरलं आणि दुसऱ्यानं तीनदा हात मारला. आई तिथेच, दहा-बारा पावलांवर, दोन्ही हातात दुधाच्या पिशव्या. ती ओरडली. ज्यानं हात मारला त्यानं वळून बघितलं आणि म्हणाला, "काकू, घरी जा."

असं म्हणणारा तो मुलगा आमच्यापासून चौथ्या घरातला. त्याच्या बारशाला आईनं अंगडं-टोपडं नेलं होतं. लहानपणी ताप आला की त्याची आई त्याला आमच्याकडे ठेवून कामाला जायची.

आई घरी नाही आली. पिशव्या खाली ठेवल्या, जखमी मुलापाशी बसली, जखमेवर पदर दाबून धरला. रिक्षा मिळेपर्यंत त्याचा जीव गेला होता.

यानंतर जे झालं ते पाच-सहा वर्षं चाललं आणि त्या पाच-सहा वर्षांत आम्हाला एकदाही कुणी सांगितलं नाही की साक्षीदाराला संरक्षण मागता येतं. मला जे लिहायचंय ते मुख्य हेच आहे. पण ते कळायला आधी काय काय झालं ते सांगावं लागेल.

जबाबापासून सुरू करते. त्या दिवशी दुपारी पोलीस आले, आईला स्टेशनला नेलं, जबाब घेतला. मग दोन दिवसांनी परत. मग आठवड्यानं परत, या वेळी रात्री नऊला बोलावलं आणि सव्वाबाराला सोडलं, पप्पा बाहेर बाकड्यावर बसून. बाईला साक्षीसाठी पोलीस स्टेशनला बोलावता येत नाही, तिच्या घरी येऊन विचारायचं असतं, हा नियम फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १६० मध्ये होता, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १७९ मध्ये आहे. मला हे कळलं कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. आईनं जबाबावर सही करू का विचारलं तर हवालदार म्हणाले सही लागत नाही, आणि ते खरंय, पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेतच नाहीत. पण आईला ते कसंतरीच वाटलं, आपण एवढं सांगितलं आणि कागदावर आपलं काहीच नाही. नंतर मॅजिस्ट्रेटसमोर वेगळा जबाब झाला, तिथे सही झाली, तेव्हा तिला बरं वाटलं. त्या हवालदारांनी मात्र स्वतःचा नंबर लिहून दिला होता, रात्री-अपरात्री फोन करा म्हणाले, आणि त्यांची बदली होईपर्यंत ते खरंच फोन उचलायचे. तेवढाच काय तो आधार होता.

लोकांना वाटतं साक्षीदाराला धमकी म्हणजे काळी गाडी, पिस्तूल, दुबईवरून फोन. आमच्याकडे पहिली आली ती त्याची आई. संध्याकाळी सातला, हातात काही नाही, उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली. "वहिनी, पोरगं चुकलं माझं, पण तुमच्या हातात आहे सगळं." आईचे पाय धरले. आई पण रडली. दोघी रडल्या, मी आतल्या खोलीत वही समोर घेऊन बसले होते, एक अक्षर वाचलं नाही. ती दुसऱ्या दिवशी परत आली. मग जवळजवळ रोज. कधी गप्प बसून निघून जायची. आई नंतर म्हणायची की चाकू दाखवला असता तर सोपं गेलं असतं गं मला.

मग महिन्याभरानं, ज्यानं मागून धरलं होतं त्याच्या मोठ्या भावानं सूत्रं हातात घेतली. तो पण कधी शिवी नाही द्यायचा, हे लक्षात घ्या, कारण तक्रार काय करणार? पप्पांना बसस्टॉपवर भेटून म्हणाला, "काका, पोरीचा क्लास आठला सुटतो ना, नाक्यापासून अंधार असतो जरा." एवढंच वाक्य. पप्पांनी स्टेशनला जाऊन सांगितलं तर ड्युटीवरचे साहेब म्हणाले यात धमकी कुठे आहे, काळजीनं बोलला असेल. खरं तर साक्षीदाराला खोटं सांगायला भाग पाडण्यासाठी धमकावणं हा वेगळा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तेव्हा आयपीसीचं १९५ अ कलम होतं, आता न्याय संहितेचं २३२ आहे. पण ते वाक्य कागदावर लिहून घ्यायलाच कुणी तयार नाही तर कलमाचं काय करायचं.

आणि मग एका पहाटे आई क्रेट नाक्यावर ठेवून पहिल्या बिल्डिंगचं दूध द्यायला गेली, पाच मिनिटांत आली तर उरलेल्या दोन क्रेटमधल्या सगळ्या पिशव्या ब्लेडनं कापलेल्या. दूध उतारावरून वाहत गटारापर्यंत गेलेलं, कुत्री चाटतायत. आजूबाजूला चार माणसं होती, पेपरवाला होता, रिक्षावाले होते. कुणी काही पाहिलं नाही. आईनं त्यांना दोष दिला नाही. म्हणाली, "मी पाहिलं त्याचं काय झालं ते बघतायत की ते." पैसे तिनं स्वतःच्या खिशातून भरले आणि आठवड्यानं लाईन सोडली. अकरा वर्षांची लाईन.

मला डोंबिवलीला मावशीकडे पाठवलं. बारावीची परीक्षा मी तिथून दिली, सकाळी पाच चाळीसची लोकल पकडून, कारण सेंटर इकडेच होतं. भावाची शाळा बदलली. आईनं सिमकार्ड दोनदा बदललं. पप्पांनी मामाकडून पैसे घेऊन दाराला लोखंडी जाळी बसवली आणि शेवटी २०१७ च्या दिवाळीआधी आम्ही चाळीतली खोली भाड्यानं देऊन लांब राहायला गेलो, कुठे ते लिहीत नाही.

आता हे वाचा. ५ डिसेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं महेंदर चावला खटल्यात साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली आणि संसद कायदा करेपर्यंत हाच देशभर कायदा म्हणून चालेल असं सांगितलं. आसाराम प्रकरणातल्या साक्षीदारांवर एकामागून एक हल्ले झाले, काहींचे खून झाले, त्यातून तो अर्ज कोर्टात गेला होता. महाराष्ट्राचा तर २०१७ चा स्वतःचा साक्षीदार संरक्षण कायदा होता. मी जेव्हा त्या योजनेतली उपायांची यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ऑफिसात बसल्या जागी रडू आलं, कारण फोन नंबर बदलून देणं त्यात आहे, घराला सुरक्षेची साधनं आणि कॅमेरा बसवणं आहे, तात्पुरतं दुसरीकडे राहायची सोय आहे, कोर्टात न्यायला-आणायला सरकारी गाडी किंवा सोबत आहे, साक्षीदार आणि आरोपी समोरासमोर येऊ नयेत याची काळजी आहे. म्हणजे जाळी, सिमकार्ड, मावशी, भाड्याची खोली, मामा. आम्ही सगळं केलं होतं. फक्त आमच्या पैशानं आणि आमच्या अकलेनं केलं होतं, आणि त्यासाठी एक फंड ठेवायचा असं त्याच कागदात लिहिलंय.

कसं मागायचं ते पण लिहून ठेवते, कुणाला तरी लागेल. प्रत्येक जिल्ह्यात यासाठी समिती असते, जिल्हा व सत्र न्यायाधीश अध्यक्ष, पोलीस प्रमुख सदस्य, आणि सरकारी वकिलांचे जिल्ह्यातले प्रमुख सचिव. ठरलेल्या नमुन्यात अर्ज त्या सचिवांकडे द्यायचा. मग त्या भागाच्या एसीपींकडून किंवा डीवायएसपींकडून धोक्याचा अहवाल मागवतात, तो पाच कामाच्या दिवसांत यायला हवा, आणि अहवाल आल्यावर पुढच्या पाच कामाच्या दिवसांत निर्णय. धोका किती आहे त्यावर अ, ब, क असे तीन वर्ग, जिवाला धोका असेल तर अ. संरक्षण एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांचं. तातडीचं असेल तर अर्जाचा निकाल लागायच्या आधी पण संरक्षण देता येतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तर कलम ३९८ खाली प्रत्येक राज्य सरकारनं अशी योजना करायचीच आहे. कागदावर सगळं आहे हो. आईला समन्स घेऊन आलेल्या माणसानं, सरकारी वकिलांनी, कुणीतरी एकदा म्हणायला हवं होतं, ताई, असा एक अर्ज असतो.

साक्ष फेब्रुवारी २०२० ला झाली. त्याआधी तीन तारखा फुकट गेल्या, एकदा आरोपीला जेलमधून आणायला गार्ड नव्हते, एकदा वकील आजारी, एकदा काय ते कळलंच नाही. प्रत्येक तारखेला मामा आणि पप्पा दोघं रजा काढून सोबत. त्या कोर्टाच्या पॅसेजमध्ये बसायला एकच बाकडं, साक्षीदार पण तिथेच आणि आरोपीचे नातेवाईक पण तिथेच. तो मोठा भाऊ समोरच्या भिंतीला टेकून उभा राहायचा आणि आईकडे बघत राहायचा. मोबाईल पण नाही बघायचा. तीन तास.

आणि दुसऱ्या टोकाला मेलेल्या मुलाचे वडील. हे मला सांगायलाच हवं. ते प्रत्येक तारखेला यायचे, इस्त्री केलेला पांढरा शर्ट, खिशात पेन, जिन्याच्या कोपऱ्यात उभे. ते कधी आईशी एक शब्द बोलले नाहीत. साक्ष द्या म्हणाले नाहीत, आभार नाही, काही नाही. फक्त आई आली की हात जोडायचे आणि निघाली की हात जोडायचे. तिसऱ्या फुकट तारखेनंतर पप्पा म्हणाले होते, बास झालं, सांगून टाक अंधार होता, नीट दिसलं नाही, कोण आपल्याला विचारणारे. मी पण तेच म्हणत होते. मी खरं तर जास्त म्हणत होते. आई म्हणाली, "त्या माणसासमोर कसं सांगू मी अंधार होता म्हणून?"

उलटतपासणी दोन तास चालली. पहाटे पाचला तुम्हाला दिसलं कसं, चष्मा कितीचा, खांबावरचा दिवा त्या रात्री चालू होता कशावरून, नळावरून तुमचं आणि आरोपीच्या आईचं भांडण झालं होतं की नाही. झालं होतं, आई म्हणाली, चाळीत कुणाचं होत नाही. मग सरकारी वकिलांनी विचारलं तो माणूस कोर्टात आहे का. आईनं बोट दाखवलं आणि नाव सांगताना तिच्या तोंडून त्याचं घरचं नाव आलं, बारशापासून सगळी गल्ली ज्या नावानं हाक मारायची ते. जज साहेबांनी विचारलं हे कोण, तेव्हा तिनं पूर्ण नाव सांगितलं. तो मान खाली घालून उभा होता.

दुसरा साक्षीदार होता पानटपरीवाले मामा. त्यांनी पण पाहिलं होतं, दुसरा मुलगा पळताना त्यांच्या टपरीला धडकला होता. त्यांनी कोर्टात सांगितलं मी काही पाहिलं नाही, पोलिसांनी काय लिहिलं मला माहीत नाही. फितूर. पेपरात हा शब्द रोज येतो, साक्षीदार फितूर झाल्यानं आरोपींची सुटका, आणि वाचणारा म्हणतो पैसे खाल्ले असतील. खात असतील काही. गुजरातमधल्या बेस्ट बेकरी प्रकरणाचा फेरखटला आपल्याच मुंबईत चालला, त्यातल्या मुख्य साक्षीदार मुलीनं जबाब फिरवला म्हणून २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं तिलाच एक वर्षाची कैद दिली. मी तेव्हा लहान होते, पण नंतर ते वाचताना मला सारखे टपरीवाले मामा आठवत राहिले. मला त्यांचा राग येत नाही. दोन मुली होत्या त्यांच्या, एक माझ्या वर्गात. नंतर एका लग्नात आई त्यांना भेटली तेव्हा ते स्वतःच जवळ आले आणि म्हणाले, "वहिनी, आम्हाला कुठे मावशी होती डोंबिवलीत." आई म्हणाली की बरोबर आहे तुमचं, आणि त्यांच्या ताटात जिलेबी वाढली.

जे सरळ उभे राहतात त्यांचं तरी काय होतं. २६/११ ला सीएसटीवर पायात गोळी लागलेली देविका रोटावन, नऊ वर्षांची. २००९ मध्ये कुबड्या घेऊन तिनं कोर्टात कसाबला ओळखलं, सगळ्या देशानं कौतुक केलं, आणि त्याच मुंबईत तिच्या घरच्यांना भाड्यानं खोली द्यायला लोक घाबरायचे, शाळेत मुली तिला कसाबची मुलगी म्हणून चिडवायच्या, हे तिनंच किती वेळा सांगितलंय. आणि २००२ मध्ये वांद्र्याला फुटपाथवर झोपलेल्या माणसांवर गाडी चढली त्या केसमध्ये फिर्याद देणारा तर पोलीस शिपाई होता. त्याची नोकरी गेली, कोर्टात हजर राहिला नाही म्हणून त्यालाच अटक झाली, आणि २००७ मध्ये शिवडीच्या टीबी हॉस्पिटलमध्ये तो वारला. खटल्याचा निकाल लागला २०१५ ला, आरोपी हायकोर्टातून निर्दोष सुटला. निकालाबद्दल मला काही म्हणायचं नाही, तो कोर्टाचा विषय. मला तो शिपाई आठवतो. वर्दीतल्या माणसाची ही गत तर दूध टाकणाऱ्या बाईनं कुणाच्या भरवशावर बोलायचं.

आमचा निकाल लागला २०२२ मध्ये. ज्यानं हात मारला त्याला जन्मठेप. दुसरा सुटला, कारण त्याच्याबद्दल बोलणारे टपरीवाले मामाच होते, आईला अंधाराच्या बाजूला उभ्या असलेल्याचा चेहरा नीट दिसला नव्हता आणि तिनं तसंच सांगितलं, जेवढं दिसलं तेवढंच. निकालाच्या दिवशी आम्ही पेढे वगैरे काही आणले नाहीत. मुलाच्या वडिलांनी लांबून हात जोडले.

तर आता तो येतोय. मी गुरुवारी ऑफिसमधून तो अर्जाचा नमुना प्रिंट करून आणला. योजनेत अ वर्गाच्या व्याख्येत तपासात, खटल्यात किंवा त्यानंतरही असं स्पष्ट म्हटलंय, म्हणजे शिक्षा झाल्यावरसुद्धा मागता येतं. पप्पा म्हणाले राहू दे, कशाला परत नाव काढायचं, पत्ता माहीत नाहीये त्यांना आपला. मी म्हटलं पप्पा, काकूंना आईचा नंबर माहीत आहे. ते गप्प झाले.

रात्री जेवणं झाल्यावर आईला चष्मा लावून बसवलं. नाव, पत्ता, खटला नंबर लिहिला. कुटुंबातली माणसं लिहिली, चार. धोका कुणाकडून या रकान्यापाशी ती थांबली. पेन तसंच धरून बराच वेळ बसली. मला वाटलं घाबरली. मग म्हणाली, "त्याची आई एकटीच असते ना गं आता त्या खोलीत? तो घरी आल्यावर तिला काही बोलणार नाही ना, मी साक्ष दिली, तू काय केलंस म्हणून?"

मी म्हटलं माहीत नाही गं आई. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला, आणि त्या रकान्यात त्याचं पूर्ण नाव लिहिलं.